डोहातली पोरं

माणसांनी नद्यांना नावं देण्याच्याही आधीची ही गोष्ट. एका डोहात शिंपल्यांची मोठी वस्ती होती. पाणी गाळून त्या पोट भरत, त्यामुळे डोह नितळ राही. त्यांची पोरं तळाच्या स्वच्छ वाळूत वाढत.

एका वर्षी रानम्हशींचा कळप तिथे आला. त्यांनी काठावरची झुडपं मुळासकट तुडवली. माती ढासळली, वाळूवर गाळाचा थर बसला आणि शिंपल्यांची पोरं त्याखाली गुदमरून मेली.

कळप पाण्यावर आला तेव्हा थोरल्या शिंपलीने म्होरक्या रेड्याला गाठलं. "दादा, काठ तुडवू नका. पलीकडे खडकाळ उतार आहे, तिथून या. आमची पोरं मरताहेत."

रेडा हसला. "कशाला कांगावा करतेस? डोह तर शिंपल्यांनी भरलेला दिसतोय!"

शिंपली संतापली. "नीट बघा! सगळ्या म्हाताऱ्या आहेत. यात एक तरी पोर दाखवा. आम्ही पुष्कळ वर्षं जगतो, म्हणून तुम्हाला आमचा निर्वंश दिसत नाही!"

रेड्याने शेपटी झटकली आणि कळप त्याच काठाने वर नेला.

वर्षं गेली. थोरली गेली, मग एकेक करत बाकीच्याही गेल्या. पाणी हिरवं पडलं, नासलं. ते पिऊन म्हशींची रेडकं मरू लागली. रेडा काठावर येऊन ओरडला, "अरे, आमची पोरं मरताहेत! कुणी आहे का इथे?"

तळाशी नुसते रिकामे शिंपले पडले होते.