पुसलेला डाग

बर्फ पडणाऱ्या डोंगरातल्या एका गावी एकदा एक वृद्ध गवंडी होता. जुन्या घरांची न्हाणीघरं नव्यानं बांधावीत ती त्यानंच, अशी त्याची ख्याती. उतारवयात त्याने एक काम प्रथमच पूर्णपणे शिष्यावर सोपवलं. त्या घरात एक आजीबाई एकट्याच राहत; गवंड्याने ते घर आधी एकदा पाहिलेलं होतं.

शिष्य हुशार, पण हुशारीची त्याला स्वतःलाच जरा जास्त खात्री! न्हाणीघराची एक भिंत स्वयंपाकघरातल्या चुलीला लागून होती. अंघोळीचा दगड तिच्याशेजारी, आणि भिंतीवर दोन हात उंचीला एक काळा, तेलकट डाग. शिष्याने डाग खरवडून काढला, पांढऱ्याशुभ्र टाइल्स लावल्या आणि उजेड हवा म्हणून दगड खिडकीखाली नेला.

आठ दिवसांनी वृद्ध गवंडी काम पाहायला आला.

"कसं झालंय, आजी?"

"छान केलंय हो पोरानं," आजी म्हणाल्या, पण त्यांनी मान वर केली नाही.

गवंड्याने न्हाणीघराच्या जमिनीवरून हात फिरवला. मग स्वयंपाकघरात जाऊन चुलीतला विझलेला कोळसा तळहाताला चोळला, परत आला आणि चुलीकडच्या पांढऱ्या टाइलवर आपला पंजा उमटवला!

"अहो वस्ताद, हे काय केलंत!" शिष्य ओरडलाच.

"तू काढलास तो डाग परत लावला. तो मळ नव्हता रे बाबा. अंगाला तेल लावून अंघोळ झाली की आजी इथे हात टेकून उठायच्या. चुलीमुळे भिंत उबदार असायची. आधार कुठे हवा, हे ती भिंत इतकी वर्षं सांगत होती. तू तेच पुसलंस. आता जमिनीला हात लाव."

जमीन ठणठणीत कोरडी होती.

"चुलीपाशी बसून ओल्या फडक्यानं अंग पुसते," आजी हळूच म्हणाल्या. "खिडकीखाली थंडी सोसत नाही, आणि उठताना धरायला काही नाही. पण बाळा, तू एवढ्या हौसेनं केलंस. सांगायची मलाच लाज वाटली."

शिष्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चूक त्याची, आणि लाजत होत्या त्या!

दुसऱ्या दिवशी त्याने दगड मूळ जागी आणला. मग आधाराला बसवायचा लाकडी दांडा आणि खूण करायला पेन्सिल घेऊन तो भिंतीपाशी उभा राहिला.

"आजी, हात कुठे टेकता, दाखवाल?"

हे विचारायचं होतं पहिल्याच दिवशी. आजी दगडावर बसल्या, उठताना त्यांनी सवयीने हात पुढे केला, आणि तो बरोबर त्या कोळशाच्या पंजावर पडला. शिष्याला मान वर करवेना. त्याने पेन्सिल खिशात ठेवली.