टिचकीचं पहिलं स्टूल

एका गावात होतं सुताराचं दुकान. दुकानात होतं बाक. बाकाखाली होता भुसा. मऊ मऊ, पिवळा पिवळा भुसा. आणि त्या भुशात कोण राहायचं? टिचकी चिचुंद्री.

टिचकी होती एवढीशी. नाक लांब. शेपूट लांब. डोळे मात्र मोहरीएवढे. दिसायचं तिला कमीच, पण हौस फार.

दुकान होतं भिवामामाचं. मामा लाकूड कापायचा, करकर करकर. रंधा मारायचा, सर्रर्र सर्रर्र. मापायची पेन्सिल कानामागे खोचायचा. टिचकी बाकाखालून सगळं बघायची. बघून बघून तिला वाटलं, यात काय अवघड आहे? मला पण येईल.

आणि आज तिची आत्या येणार होती. आत्याचे गुडघे दुखायचे. खाली बसली की तिला उठता यायचं नाही. मागच्या वेळी आत्या आली आणि दारातूनच परत गेली. घरात बसायला काही नव्हतंच. टिचकीला फार वाईट वाटलं होतं.

म्हणून टिचकीने स्टूल करायला घेतलं. पहिलंवहिलं स्टूल.

फळीचा तुकडा घेतला. कुरतडला, कुरकुर कुरकुर. काड्यांचे पाय केले. एक पाय बसवला, टक्. दुसरा बसवला, टक्. तिसरा बसवला, टक्. चौथा पाय हातात घेतला. डोळ्यांजवळ धरला. "लांब झाला वाटतं," टिचकी म्हणाली. मापलं का तिने? छे, कुठलं मापतेय. कुर्र! टोक तोडलं. टोकाची झाली इवलीशी ढलपी. ढलपी तिने कानामागे खोचली. अगदी भिवामामासारखी.

तेवढ्यात चौथा पाय हातातून निसटला. गडगड गडगड गडगड. दाराबाहेर गेला. गोठ्यात गेला. गोठ्यात म्हैस बसत होती. पाय गेला म्हशीच्या पोटाखाली. आणि म्हैस बसली, धप्प.

टिचकी निघाली. कानामागे ढलपी, तुरुतुरु टिचकी.

"म्हशीताई, म्हशीताई, ऊठ ना गं.
स्टुलाचा पाय निघेना.
आत्या येणार पाहुणी,
कशावर बसवू, सांगा कुणी?"

म्हैस रुसली होती. म्हणाली, "मी नाही उठत. माझ्या गव्हाणीची फळी मोडली. चारा सगळा खाली सांडतो. आधी मामाला फळी ठोकायला सांग. मग उठते."

टिचकी गेली मामाकडे. कानामागे ढलपी, तुरुतुरु टिचकी.

"मामा, मामा, फळी ठोक ना.
म्हैस काही उठेना,
स्टुलाचा पाय निघेना.
आत्या येणार पाहुणी,
कशावर बसवू, सांगा कुणी?"

मामाने डबा हलवला. डबा वाजलाच नाही. मामा म्हणाला, "मी नाही ठोकत. खिळे संपले. आधी मावशीला खिळे घडवायला सांग. मग ठोकतो."

मावशी म्हणजे सारजामावशी. लोहारकाम करायची. तिचा भाता समोरच होता. टिचकी गेली मावशीकडे. कानामागे ढलपी, तुरुतुरु टिचकी.

"मावशी, मावशी, खिळे घडव ना.
मामा फळी ठोकेना,
म्हैस काही उठेना,
स्टुलाचा पाय निघेना.
आत्या येणार पाहुणी,
कशावर बसवू, सांगा कुणी?"

मावशीच्या कडेवर बाळ होतं. बाळ रडत होतं, ट्यां ट्यां ट्यां. मावशी म्हणाली, "मी नाही घडवत. एका हाताने बाळ धरू, की भाता ओढू? आधी बाळाला झोपायला सांग. मग घडवते."

आता बाळाला कसं सांगायचं? मावशीने बाळाला झोळीत ठेवलं. टिचकी झोळीच्या दोरीवर चढली.

"बाळा, बाळा, झोप ना रे.
मावशी खिळे घडवेना,
मामा फळी ठोकेना,
म्हैस काही उठेना,
स्टुलाचा पाय निघेना.
आत्या येणार पाहुणी,
कशावर बसवू, सांगा कुणी?"

बाळ म्हणालं, "ट्यां! माऊ! माऊ!"

बाळाला माऊ हवी होती. माऊने जवळ बसून घुर्र घुर्र केलं, की बाळ झोपायचं.

ऐकलंत? माऊ. म्हणजे मांजर. टिचकीने दोरी घट्ट धरली. मांजराकडे जायचं? पण आत्या येणार होती. आणि ऊन तर कलायला लागलं होतं.

टिचकी गेली माऊकडे. कानामागे ढलपी. पण आता तुरुतुरु नाही. हळू हळू. मडक्याच्या मागून. नाक तेवढं बाहेर.

"माऊ, माऊ, घुर्र कर ना.
बाळ काही झोपेना,
मावशी खिळे घडवेना,
मामा फळी ठोकेना,
म्हैस काही उठेना,
स्टुलाचा पाय निघेना.
आत्या येणार पाहुणी,
कशावर बसवू, सांगा कुणी?"

माऊने एक डोळा उघडला. वास घेतला. नाक मुरडलं. "शी, चिचुंद्री." चिचुंद्रीला कसला वास येतो, माहीत आहे ना? मांजर काही तिला तोंड लावत नाही. टिचकीला आज आपल्या वासाचं फार बरं वाटलं.

माऊ म्हणाली, "मी नाही करत घुर्र. माझं पोट रिकामं आहे. आधी म्हशीला दूध द्यायला सांग. मग करते."

टिचकी पुन्हा गोठ्यात. कानामागे ढलपी, तुरुतुरु टिचकी.

"म्हशीताई, म्हशीताई, दूध दे ना गं.
माऊ घुर्र करेना,
बाळ काही झोपेना,
मावशी खिळे घडवेना,
मामा फळी ठोकेना,
म्हैस काही उठेना . . ."

टिचकी थांबली. म्हैस? म्हैस तर हीच की.

म्हैस म्हणाली, "दूध देईन की. पण उठले तर देईन. आणि फळी ठोकली तर उठेन."

म्हणजे पुन्हा मामा? पुन्हा मावशी? पुन्हा बाळ? पुन्हा माऊ? आणि पुन्हा म्हैस? टिचकी गोल गोल फिरून जिथल्या तिथे आली होती. तिचे पाय दुखले. नाक लाल झालं. आता कुणाकडे जायचं, तिला काही कळेना.

ती परत झोळीपाशी आली. दोरीवर चढून बसली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, टप् टप् टप्. एक थेंब पडला बाळाच्या गालावर.

बाळ रडायचं थांबलं. त्याने वर पाहिलं. म्हणालं, "ऊं?"

म्हणजे, "काय झालं, सांग." चला, कुणीतरी विचारलं तरी. टिचकीने नाक पुसलं आणि सांगायला लागली. पण आता ती दमली होती. आवाज झाला बारीक. शब्द झाले हळू. दोरी हलली, झोळी हलली, झुलू झुलू, झुलू झुलू.

"माऊ घुर्र करेना . . ."
बाळाने अंगठा तोंडात घातला.

"बाळ काही झोपेना . . ."
बाळाने जांभई दिली.

"मावशी खिळे घडवेना,
मामा फळी ठोकेना . . ."
बाळाचा एक डोळा मिटला.

"म्हैस काही उठेना,
स्टुलाचा पाय निघेना . . ."
दुसरा डोळा मिटला.

"आत्या येणार पाहुणी,
कशावर बसवू . . ."

बाळ झोपलं.

घुर्र नाही, माऊ नाही, आणि बाळ झोपलं. टिचकी बघतच राहिली. मावशीने तोंडावर बोट ठेवलं. मग गालात हसली.

मग काय? बाळ झोपलं, मावशीने भाता ओढला, फुस्स फुस्स. खिळे घडवले, ठण् ठण् ठण्. बाळ उठलं का? नाही हो. लोहाराच्या घरचं बाळ ते. ठणठण ऐकून आणखी गाढ झोपलं.

मावशीने खिळे दिले, मामाने फळी ठोकली, ठक् ठक् ठक्. मामाने फळी ठोकली, म्हैस उठली, हुंऽऽ. म्हैस उठली, चारा खाल्ला, मामाने दुधाची धार काढली, चुर्र चुर्र. माऊला वाटीभर दूध मिळालं. माऊ बाळाशेजारी जाऊन निजली. घुर्र घुर्र.

आणि म्हैस बसली होती ना, तिथे गवतात काय होतं? स्टुलाचा पाय. चपटा झाला नव्हता. मोडला नव्हता. पक्क्या सागाचा होता तो. टिचकीने पाय उराशी धरला. घरी पळाली. कानामागे ढलपी, तुरुतुरु टिचकी.

चौथा पाय बसवला, टक्. झालं स्टूल. टिचकीने ते उभं केलं.

डुगडुग. डुगडुग.

स्टूल डुगडुगत होतं. चौथा पाय आखूड झाला होता. मापलं होतं का? नव्हतं ना. आता डुगडुगत्या स्टुलावर आत्या कशी बसणार? ती पडेलच की.

आणि तेवढ्यात दारातून हाक आली.

"टिचकी, आहेस का गं घरात?"

आत्या आली होती. काठी टेकत, कण्हत कण्हत. "जरा टेकते बाई कुठेतरी," आत्या म्हणाली. "काहीच नाही का या खेपेला पण?"

टिचकीला काही सुचेना. काही सुचलं नाही की ती कान खाजवायची. तिने कान खाजवला. हाताला काय लागलं?

ढलपी. चौथ्या पायाचं टोक. दिवसभर ते तिच्या कानामागेच होतं.

टिचकीने ढलपी काढली. आखूड पायाखाली सरकवली. टिच्च बसली. बसणारच. त्याच पायाची होती ती.

टिचकीने स्टूल हलवून पाहिलं. डुगडुग नाही. पुन्हा हलवलं. अजिबात नाही.

"बस आत्या," टिचकी म्हणाली.

आत्या हळूच टेकली. मग नीट बसली. मग पाय लांब केले. काठी बाजूला ठेवली. आणि आत्या म्हणाली, "हुश्श."

टिचकी आत्याच्या पायाशी भुशात बसली. ती पण म्हणाली, "हुश्श."

आत्याने फळीवरून हात फिरवला. एक कोपरा खडबडीत होता. एक खूप गुळगुळीत होता. आत्याने विचारलं, "कुणी केलं गं हे?" टिचकीने स्वतःच्या नाकाकडे बोट दाखवलं.

"अगं बाई," आत्या म्हणाली, "मग मी आता राहतेच चार दिवस."

आत्या राहिली स्टुलावर, बाळ राहिलं झोळीत, माऊ राहिली बाळाजवळ. आणि तुम्ही? तुमचं डोकं टेका उशीवर. हुश्श.