आधी मोरी, मग पाणी

एकदा एक तरुण वैद्य भर दुपारी आपल्या वृद्ध गुरूंकडे आला, तो घामाघूम होऊन. पेठेतल्या एका धान्याच्या व्यापाऱ्याच्या वडिलांना, आबांना, त्याने सकाळी तपासले होते आणि 'बुद्धिभ्रंश आहे, वयाला इलाज नाही,' असे सांगून तो निघाला होता. व्यापाऱ्याने त्याचा शब्द प्रमाण मानला. दुसऱ्या दिवशी वडिलांना दूरच्या एका आश्रमात नेऊन ठेवायचे ठरले. गाडीसुद्धा सांगून झाली.

"मग आता घाबरलास कशाला?" गुरूंनी विचारले.

"गुरुजी, दहा दिवसांपूर्वी याच आबांनी मला तांदळाचा भाव तोंडपाठ सांगितला होता. आज ते मुलाला आपला भाऊ समजतात, भिंतीवर नसलेल्या मुंग्या दाखवतात. माझ्या तोंडून शब्द तर गेला. तो खोटा ठरला तर माझी शोभा होईल, आणि खरा ठरला तर... मला ते बघवणार नाही."

गुरूंनी उपरणे खांद्यावर टाकले आणि ते चालू लागले.

व्यापाऱ्याचे घर कसे, तर बोट ठेवायला जागा नाही! महिन्यापूर्वी पाय घसरल्यापासून आबांना आधाराशिवाय उठता येत नव्हते. पण अंथरूण स्वच्छ, धोतर धुतलेले, उशाशी पाण्याचा घासलेला तांब्या काठोकाठ भरलेला. सून डोक्यावर पदर घेऊन दाराआड उभी होती. बिचारीचे डोळे जागरणाने सुजले होते.

"दिवसभर मी दुकानात असतो, वैद्यबुवा. पण ही सगळं करते, काही कमी पडू देत नाही," व्यापारी म्हणाला. "तेच दोन दिवस तोंड उघडत नाहीत. पाण्याचा चमचा लावला की ओठ घट्ट."

गुरूंनी आबांची कोरडी जीभ पाहिली. नाडी पाहतील म्हणून शिष्य सरसावला, तर त्यांनी आबांच्या काखेत हात घातला.

"चला आबा, मोरीवर जाऊन येऊ."

"गुरुजी, पण त्यांनी कुठे म्हटलंय?" शिष्य गडबडला. व्यापारीही चमकला. वैद्य औषधासाठी असतो, या कामाला नव्हे.

गुरूंनी लक्षच दिले नाही. दोन म्हातारे एकमेकांच्या आधाराने मोरीपर्यंत गेले आणि बऱ्याच वेळाने परत आले. आबांना खाटेवर नीट बसवून गुरूंनी तांब्यातले थोडे पाणी भांड्यात घेतले आणि पुढे केले. आबांनी भांडे दोन्ही हातांनी धरले आणि घोट घोट करत रिकामे केले.

पडवीत आल्यावर गुरू शिष्याला म्हणाले, "वार्धक्य पावलापावलाने येतं. दहा दिवसांत आलं ते वार्धक्य नव्हे, दुखणं आहे. ते शोधायचं सोडून तू वयावर ढकललंस. अरे, मुलगा दुकानात, घरात एकटी सून. मोरीवर न्यायला सुनेला कसं सांगायचं? म्हणून यांनी हळूहळू पाणीच सोडलं. पाणी सोडलं, शरीर सुकलं, आणि मन भ्रमलं. मन भ्रमलं तरी लाज मात्र जागी राहिली. ओठ मिटले होते ते त्या लाजेने."

दाराआडून हुंदका ऐकू आला. "मी रोज ताजं पाणी भरत होते हो," सून म्हणाली. "तांब्या भरलेला दिसला की मला बरंच वाटायचं, पाणी कमी पडत नाही म्हणून."

"तुझा दोष नाही, मुली. तू मर्यादा पाळलीस, त्यांनीही पाळली," गुरू म्हणाले. मग व्यापाऱ्याकडे वळून त्यांनी गाडी तीन दिवस थांबवायला सांगितले. तीन दिवस शिष्याने तिथेच राहायचे, आबांनी म्हणण्याआधी त्यांना मोरीवर न्यायचे, आणि मग थोडेथोडे पाणी द्यायचे.

शिष्याचे ते दिवस कसे गेले, ते त्यालाच ठाऊक. पहिल्या दिवशी मुंग्या होत्याच. दुसऱ्या दिवशी आबा त्याच्यावर ओरडले, आणि गुरूही चुकले की काय अशी भीती त्याला वाटली. तिसऱ्या दिवशी सकाळी व्यापारी आत आला, तेव्हा आबांनी त्याला नावाने हाक मारली. गाडी कायमची परत गेली. शिष्य मात्र अजून धास्तावलेलाच होता. आपण गेल्यावर पुढे काय?

चौथ्या दिवशी आपल्या घरून यायला त्याला अंमळ उशीर झाला. तो धावतच उंबऱ्यापाशी पोचला आणि तिथेच थबकला. आबा खाटेवर उठून बसले होते. कितीतरी वेळ ते जमिनीकडे बघत राहिले.

मग म्हणाले, "सूनबाई, जरा हात दे गं."