ठकूबाई आणि दोन मुलखांचं शिंगरू

घोड्याच्या तोंडात अजून लगाम आला नव्हता, तेव्हाची, फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. नदीच्या वर मोठं पठार होतं. तिथं वाऱ्याचे घोडे राहत. पांढुरके, उंच, ते पळाले तर टापांखाली गवतही वाकायचं नाही, असं म्हणतात. खाली डोहात पाण्याचे घोडे राहत. सावळे, रुंद छातीचे. भर उन्हाळ्यातही त्यांच्या आयाळीतून पाणी ठिबकायचं. वरच्यांनी डोहात उतरायचं नाही, खालच्यांनी पठार चढायचं नाही, असा रिवाज होता. तो मोडला की रक्त सांडायचं. या दोन मुलखांच्या मधे, उतारावर, माणसांची एवढीशी मधलीवाडी होती.

ठकूबाई तिथली सुईण. वाडीतलं प्रत्येक पोर तिच्याच हातावर आलेलं. तिला स्वतःला मूलबाळ नव्हतं.

एका सकाळी गायरानात वाऱ्याची एक घोडी येऊन कोसळली. पोट तट्ट फुगलेलं, अंग घामानं निथळणारं. ठकूबाईनं तिच्या पोटाला कान लावला, तर आत ओढा वाहावा तशी खळखळ. ती काय ते समजली. शिंगराचा बाप डोहातला होता. घोडीला आता ना वर थारा, ना खाली.

दुपारी पठाराच्या कडेला पांढरे घोडे जमले. डोहातून काळे वर आले. दोन्हीकडे टापा आपटू लागल्या आणि वाडीतली घरं हादरली.

गोंदजी पाटील धावतच आले. "ठकूबाई, चला! माणसं, गुरं सगळी टेकडीमागं नेतोय. हे भिडले तर वाडीचा चुरा होईल."

"तुम्ही व्हा पुढं, पाटील. अडलेलीला टाकून मी उठले का कधी?"

"अहो, पण ती जनावर आहे!"

"कळा जनावरालाही येतातच की."

पाटील गेले. ठकूबाईचे हात काम करत राहिले. शिंगरू आडवं आलं होतं. तिनं ते हळूहळू वळवलं आणि बाहेर ओढलं. राखी रंगाचं, सुरेख. पण निपचित. तिनं त्याच्या नाकात फुंकर घातली. पुन्हा घातली. काही नाही. माणसाचा श्वास त्याला पुरेना.

दोन्ही कळप तिच्याकडेच येत होते. ठकूबाई उठली आणि ओरडली, "भांडायचं ते मागनं भांडा! लेकरू चाललंय हातातून! तू वाऱ्याचा ना रे? मग दे त्याला श्वास!"

पांढऱ्यांचा म्होरक्या जागीच थबकला. मग मान खाली घालून पुढं आला आणि शिंगराच्या नाकाशी त्यानं श्वास सोडला. बरगड्या हलल्या! पण अंग तव्यासारखं तापलं.

"आता तू ये," ती काळ्या म्होरक्याला म्हणाली. आवाज खाली आला होता. "ये बाबा."

तो आला. त्यानं आयाळ झटकली आणि शिंगरू चिंब झालं. दोघा म्होरक्यांची नाकं शिंगरावर एकमेकांना लागली, तरी कुणी चावलं नाही. शिंगरू धडपडत उभं राहिलं, आधी डोहाकडे गेलं, मग पठाराकडे. त्याला कुणी अडवलं नाही. घोडी मागोमाग चालत होती. ठकूबाई मात्र मटकन खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली.

त्या शिंगरापासून काठाचे घोडे झाले. वर खाली दोन्ही मुलूख त्यांचेच. म्हातारपणी ठकूबाईला न्यायला त्यांतलाच एक दारात आला, आणि तिला पाठीवर घेऊन पाण्यावरून चालत गेला, असं म्हणतात.

आता ते घोडे कुणाला दिसत नाहीत. पण मधलीवाडीत मूल जन्मलं, की पाचवीला त्या घराचा ज्याच्याशी अबोला असेल त्यालाच आधी बोलावणं जातं. तो येतो. बाळ पहिलं त्याच्या मांडीवर देतात. याला ठकूबाईचा मान म्हणतात, आणि तो आजवर कुणी नाकारलेला नाही.