वायपरची दोरी

“आता काय करतोस?” चांद वस्तादांनी विचारलं.

करूळ घाटाच्या वरच्या एका वळणावर गाडी कडेला घेऊन दौलत चौगले वायपरच्या बटणाशी झटापट करत होता. आतून मोटर घरघरत होती. बाहेर मात्र दोन्ही पाती काचेच्या तळाशी निपचित पडलेली. काचेवर पाणी नुसतं ओतत होतं.

समोरचा रस्ता, कठडा, दरी, सगळं एकच पांढरं झालं होतं.

दौलत खाली उतरला. पातं हातानं उचलून पाहिलं, तर ते लुळ्या हातासारखं इकडून तिकडं हललं.

“आतला दांडा निखळलाय,” भिजून परत आत बसत तो म्हणाला. “गॅरेजशिवाय व्हायचं नाही.”

“फोन लाव की.”

“घाटात कुठली रेंज, वस्ताद? पाऊस थांबेपर्यंत बसायचं.”

वस्ताद हसले. “आषाढातला पाऊस हाय बाबा. दसऱ्याला उठू मग.”

दौलतला हसू आलं नाही. खरं तर सकाळपासूनच त्याला हसू येत नव्हतं.

सकाळी वस्ताद त्याच्या कोल्हापुरातल्या ऑफिसात आले, तेव्हा तो खुर्चीतून ताडकन उठला होता. किती वर्षांनी पाहत होता तो त्यांना! एके काळी ज्यांची सावली पडली की तालमीतली पोरं श्वास रोखायची, ते चांदसाहेब मुल्लाणी काठी टेकत दारात उभे होते. खांदे तेवढे अजून रुंद. बाकी सगळा माणूस त्या खांद्यांना टांगल्यासारखा दिसत होता.

“मला घाटाखाली सोडशील?” एवढंच ते म्हणाले.

वस्तादांना नाही म्हणायची दौलतच्या जिभेला सवयच नव्हती. गाडीत बसल्यावर कळलं, की त्यांच्याच तालमीतल्या केरबा सुतारानं सासुरवाडीच्या गावात तालीम काढलीय, आज संध्याकाळी कुस्तीच्या हौद्याची पूजा आहे आणि पहिली माती वस्तादांच्या हातची पडायची आहे.

केरबाचं नाव ऐकलं आणि दौलतचा चेहरा उतरला.

“फाट्यापर्यंत सोडतो,” तो म्हणाला. “पुढं येणार नाही.”

“बरं,” वस्ताद म्हणाले.

मागच्या सीटवर मातीचं पोतं होतं. त्यांची जुनी तालीम पाडली, तिथं आता मोटारसायकली उभ्या राहतात. पाडायच्या आदल्या दिवशी वस्तादांनी हौद्यातली एवढी माती घरी नेऊन ठेवली होती. नवीन सीट कव्हर खराब होऊ नयेत म्हणून दौलतनं पोत्याखाली प्लास्टिक अंथरलं होतं. पण वासाला कुठलं प्लास्टिक अडवणार? काचा बंद झाल्या आणि हळद, ताक, कापूर, तेल आणि किती पोरांचा किती वर्षांचा घाम, असा तो वास गाडीभर झाला. गगनबावडा येईपर्यंत दौलत तोंडानं श्वास घेत होता.

“दौलू,” वस्ताद म्हणाले, “गाडीत दोरी हाय का?”

“दोरी?”

“दोरी. बांधायची.”

दौलतनं त्यांच्याकडं पाहिलं. मग काचेकडं पाहिलं. आणि त्याला एकदम आठवलं...

वस्तादांची जीप. हिरवा रंग उडालेली, टपाला ताडपत्री. तिच्या वायपरची मोटर कधी चालू होती, हे तालमीतल्या कुणालाच माहीत नव्हतं. पावसात कुठं कुस्त्यांच्या फडाला जायचं झालं, की पात्याला दोन्हीकडून दोरी बांधायची. एक टोक डावीकडून आत, एक उजवीकडून. वस्ताद चालवायला. त्यांच्या शेजारी डावीकडं केरबा, त्यांच्या मागं दौलत. केरबानं ओढलं की पातं तिकडं, दौलतनं ओढलं की इकडं. बाकीची पोरं मागं दाटीवाटीनं बसून ओरडायची, “हुप्पा... हुय्या... हुप्पा... हुय्या!” भिजलेल्या चड्ड्या, भाजलेल्या शेंगांचा एक पुडा आणि काचेवर उघडत-मिटत जाणारा रस्ता. तेवढ्या रस्त्यावर ती जीप सगळा जिल्हा फिरली होती.

“डिकीत आहे,” दौलत म्हणाला. “बांधकामाची. लाइनदोरी.”

“आण मग.”

“वस्ताद, ही काय जीप आहे? लोक बघतील तर...”

“कुणाला दिसायलंय?” वस्ताद म्हणाले.

दौलतनं दोरी आणली. गाठी मारायला वस्तादच खाली उतरले, काठी गाडीला टेकवून. बोटं म्हातारी झाली होती, पण गाठ पहिल्याच प्रयत्नात बसली. दोरीचं एक टोक त्यांनी आपल्या खिडकीतून आत घेतलं, दुसरं दौलतच्या.

त्यासाठी दोन्ही काचा खाली घ्याव्या लागल्या. पाऊस आडवा आत आला. सीट कव्हर, दौलतची बाही, वस्तादांचा पटका, सगळं घटकेत ओलं.

“चल. पहिल्या गेरवर. वळण आलं की थांब, पुसू, मग वळू.”

गाडी सरकली. दौलतनं दोरी ओढली. पातं उजवीकडं सरसरत आलं आणि काचेत रस्ता उघडला. ओला, काळा, खरा.

मग तो मिटला.

वस्तादांनी ओढलं. पातं हललंच नाही.

“सोड,” वस्ताद म्हणाले.

दौलतनं हात ढिला केला. पातं डावीकडं गेलं. त्यानं परत ओढलं. जोरात. वस्तादांच्या बोटांतून दोरी सर्रकन निसटली.

“हळू रे. माझ्या हातात कुठली ताकद आता.”

“चुकलं, वस्ताद.”

“त्या दिवशीबी तू दोन वेळा तोडली हुतीस.”

दौलतच्या मानेत ताठा आला. ‘त्या दिवशी’ म्हणजे कुठल्या, ते विचारायची गरज नव्हती. वारणेकाठच्या मोठ्या मैदानाचा दिवस. जीपमध्ये त्यानं दोन वेळा दोरी तोडली होती आणि वस्ताद म्हणाले होते, “तुझ्या हातात ताकद लई.” ते ऐकून तो वाटभर फुलून बसला होता. सगळा जिल्हा जाणून होता, की आज तालमीकडून दौलत चौगले उतरणार.

मैदानावर पोचल्यावर वस्तादांनी नाव सांगितलं केरबाचं.

केरबा हरला. घिस्सा डाव बसला आणि बघता बघता त्याची पाठ मातीला लागली. दौलत गर्दीत उभा होता, अंगाला तेल लावलेला, कोरडा. तिथूनच तो एस.टी.नं एकटा घरी गेला. लंगोट परत कधी कसला नाही. पुढं वाळूचा धंदा, मग बांधकामं, मग ऑफिस, गाडी. सगळं मिळालं. पण कधी रात्री कूस बदलताना तोच घिस्सा त्याला दिसायचा आणि त्याचे हात आपोआप तोड काढायचे.

एक वळण गेलं. थांबले, पुसलं, वळले.

“एक विचारू?” दौलत म्हणाला.

“ओढ,” वस्ताद म्हणाले.

त्यानं ओढलं. सोडलं.

“त्या दिवशी मला का बसवलंत?”

वस्तादांनी ओढलं. सोडलं. खालून एक ट्रक कण्हत वर आला. त्याचे दिवे काचेवर पसरले, जवळ आले, गेले.

“मी उतरलो असतो तर जिंकलो असतो, वस्ताद.”

“व्हय,” वस्ताद म्हणाले. “जिंकला असतास.”

दौलतचा पाय ब्रेकवर गेला. गाडी थांबली. पाऊस टपावर बडवत होता.

इतकी वर्षं त्याला वाटत आलं होतं, की वस्ताद म्हणतील, तुझी तयारी नव्हती. किंवा म्हणतील, माझी चूक झाली. दोन्हीला त्याच्याकडं उत्तरं होती. पाठ करून ठेवलेली.

“मग?” त्याचा आवाज चिरला. “मग का?”

वस्ताद समोर बघत होते. समोर काहीच दिसत नव्हतं.

“हरला, त्याच्या दुसऱ्या दिवशी केरबा आलता,” ते म्हणाले.

“कुठं?”

“तालमीत. पहाटं. हौदा उकरायला त्याची पाळी हुती.”

दौलतनं हँडब्रेक ओढला.

“एक डोळा सुजून बंद झालेला. त्या एका डोळ्यानं बघत सगळा हौदा उकरला. मी काय बोललो न्हाई, त्योबी काय बोलला न्हाई. मग जाताना म्हणाला, दौलू कवा येणार?”

दौलतनं दोरीकडं पाहिलं. ती त्याच्या मुठीत गच्च होती.

“मला कुणी हे सांगितलं नाही.”

“तू यायला पायजे हुतास. मग सांगितलं असतं. ओढायला तुला येत हुतं, सोडायला शिकवायचं हुतं.”

दौलतला रडू येत नव्हतं, पण नाकातून श्वास घ्यावासा वाटला. त्यानं घेतला. मातीचा वास आता पावसानं दमट झाला होता, जास्तच दाट. डोळे मिटले असते तर कुणीतरी बैठका मारताना मोजतंय असं ऐकू आलं असतं.

“चल,” वस्ताद म्हणाले. “दिवस मावळायच्या आत माती पडली पायजे.”

गाडी परत सरकली.

ओढ... सोड... ओढ... सोड.

आता दोरी हिसकत नव्हती. केव्हा ओढायचं हे सांगायला लागत नव्हतं. पातं आलं की हात आपोआप सैल व्हायचा. एका लांब उतारावर दौलतच्या तोंडून हळूच निघालं, “हुप्पा...” आणि तो स्वतःच दचकला. शेजारून एक म्हातारा आवाज आला, “हुय्या.”

घाट संपला. फाट्यावर पाण्याचे लोट वाहत होते. एका बंद टपरीच्या वळचणीला छत्री धरून एक जाडजूड माणूस उभा होता. डोक्यावर केस नाहीत, कानाच्या पाळ्या मोडलेल्या. गाडी बघून तो पुढं आला आणि वाकून वस्तादांच्या खिडकीत डोकावला.

“वस्ताद! किती उशीर! मला वाटलं दरड कोसळली...”

बोलता बोलता त्याची नजर दोरीवर पडली. मग दोरीवरून सरकत पलीकडच्या हाताकडं गेली. तिथून चेहऱ्याकडं.

“दौलू?”

दौलतनं मान हलवली.

केरबानं छत्री मिटली. का मिटली, त्यालाही सांगता आलं नसतं. पाऊस त्याच्या टकलावरून गळ्यात ओघळत होता.

“तुझं पोट सुटलंय की रे,” केरबा म्हणाला.

“आणि तुझे केस कुठं गेले?”

“सासुरवाडीनं ठेवून घेतले.”

दोघंही हसले, पण ते हसणं लवकरच आटलं. मधे एवढी वर्षं उभी होती, आणि एका थट्टेनं ती हटणार नव्हती. गाव अजून आत होतं, ओढ्यापलीकडं. गावाकडचा कच्चा रस्ता पावसात दिसेनासा झालेला.

“मी... फाट्यापर्यंतच आलो होतो,” दौलत म्हणाला. “मला परत जायचंय. कामं आहेत.”

केरबानं मान खाली घातली आणि मागचं दार उघडून पोतं काढायला हात घातला. पोत्याला हात लागताच तो थांबला. वाकून त्यानं वास घेतला. मग तसाच पाठमोरा उभा राहिला, दोन्ही हात पोत्यावर ठेवून. वस्ताद बघत होते. दौलतही आरशातून बघत होता. केरबाचे रुंद खांदे हलत होते.

“केरबा,” वस्तादांनी हाक मारली.

“जी.”

“पोतं राहू दे. हिकडं ये.”

केरबा डोळे पुसत खिडकीशी आला. वस्तादांनी दार उघडलं. काठी आधी टेकवली, मग एक पाय, मग दुसरा. पावसात उभं राहून त्यांनी दोरीचं आपल्याकडचं टोक केरबाच्या हातात दिलं.

केरबानं ते धरलं. तो डावीकडच्या ओल्या सीटवर बसला.

काचेवर पाणी दाटलं होतं. गाडीचं इंजिन चालू होतं. दौलतचा हात त्याच्या टोकावर होता, आणि दोरी मधे सैल लोंबत होती.

“वस्ताद, तुम्ही?” दौलतनं विचारलं.

वस्तादांनी मागचं दार उघडलं, पोतं थोडं सरकवलं आणि त्याच्या शेजारी अंग टाकलं.

“मी मागं बसतो,” ते म्हणाले. “तुम्ही चालवा.”