काहिलीवरचा आरोप

नद्यांना पूल नव्हते आणि राजांना घाई नव्हती, त्या काळातली ही गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी एक नगर होतं आणि त्या नगरात माणसांपेक्षा वस्तूंवर जास्त खटले चालायचे.

हसू नका, खरंच चालायचे. चोर पळाला आणि चोरीचा माल कुणाच्या गाडीत, होडीत नाहीतर पेटीत सापडला, की कोतवालाचे शिपाई ती गाडी, ती होडी, ती पेटी चावडीसमोर आणून ठेवायचे. मालकाला कुणी काही म्हणायचं नाही. आरोप असायचा वस्तूवर. मग पुकाऱ्या पुढे यायचा आणि गंभीर चेहऱ्याने विचारायचा, "हे होडी, तू निर्दोष आहेस का? असशील तर बोल!" असं तीनदा. होडी काय बोलणार? ती गप्प राहिली, म्हणजे गुन्हा कबूल. मग ती कोतवालीच्या कोठारात जायची, ती कायमचीच. कोतवालाच्या मनाला येईल तेव्हा त्यातली एखादी वस्तू विकली जायची आणि कोतवालीचा खर्च भागायचा.

नियम सुरू झाला तेव्हा त्याला कारण होतं. नदीवरचे लुटारू होड्या सोडून पाण्यात उड्या मारायचे आणि शिपायांच्या हाती नुसती होडी लागायची. ती नेली की निदान पुन्हा लुटायला त्यांच्याकडे होडी उरायची नाही. पुढे लुटारू संपले. नियम राहिला. का राहिला, असं नगरातल्या जाणत्या माणसांना विचारलं, की ती म्हणायची, "असंच चालत आलंय." आणि पुन्हा सुपारी कातरायला लागायची.

नगराबाहेरच्या एका वाडीत हौसा नावाची तरुण गुऱ्हाळवाली राहायची. तिच्याकडे एक काहील होती. उसाचा रस आटवायची तांब्याची भलीमोठी कढई, इतकी मोठी की आत माणसं बसवली तर आख्खी पंगत बसेल. दर हंगामाला हौसा आणि तिचा काका ती काहील गाडीवर चढवायचे आणि नगर ओलांडून पलीकडच्या उसाच्या मळ्यात न्यायचे. त्या गुळावर तिचं वर्ष निघायचं.

त्या वर्षी ती नगराच्या वेशीतून आत शिरली, तर समोर ही गर्दी. पाठीमागून आरडाओरडा झाला, दोन माणसं धावत आली, जाता जाता त्यांनी एक गाठोडं काहिलीत भिरकावलं आणि गल्लीत दिसेनाशी झाली. गाठोड्यात सावकाराच्या घरच्या चांदीच्या समया होत्या.

शिपायांनी समया उचलल्या, गाडी थांबवली आणि काहिलीला दोरखंड बांधला.

"अहो, हे काय करताय?" हौसा ओरडली. "चोर तिकडे पळाले!"

कोतवाल पालखीतून उतरला. माणूस बोलायला गोड होता. "चोर सापडत नाही गं पोरी. काहील सापडते."

"म्हणजे चोरी मी केली असं म्हणताय?"

"छे छे! तुझ्यावर कसलाच आरोप नाही. तू मोकळी आहेस. जा की घरी."

"आणि काहील?"

"आरोप तिच्यावर आहे."

चावडीसमोर पुकाऱ्याने काहिलीला तीनदा विचारलं. हौसा मध्येच म्हणाली, "मी सांगते ना काय झालं ते!" पण पुकाऱ्या म्हणाला, "बाई, तुम्हाला कोण विचारतंय?" काहील गप्प राहिली. शिपायांनी तिला ढकलत कोठाराकडे नेलं.

मळ्यात ऊस तोडून पडला होता. तोडलेला ऊस कुणासाठी थांबत नाही, वाळायला लागतो.

संध्याकाळी कोतवालाचा निरोप आला. काहील दोषी आहे हे हौसाने कबूल करावं आणि या हंगामाचा अर्धा गूळ कोतवालीत द्यावा, म्हणजे काहिलीला माफी मिळेल.

"देऊन टाक," काका म्हणाला. "अर्धा तर राहतोय."

"काका, तिने काय केलंय?"

"कुणी?"

"काहिलीने!"

"अगं, तिने काय करायचंय? भांडं ते."

"मग माफी कसली मागू?"

"हौसे, मोठ्यांशी वाद घालून कुणाचं भलं झालंय? माझी पेटी नेली होती ना त्यांनी, तुझ्या जन्माच्या आधी. मी बोललो काही?"

हौसाने काकाकडे बघितलं. पेटीचं तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. "नाही बोललात," ती म्हणाली, "म्हणून तर आज काहील गेली."

दुसऱ्या दिवशी सकाळी राजाचा दरबार भरला. आपलं गाऱ्हाणं सांगायला हौसा उभी राहिली. राजा म्हातारा होता. वाईट नव्हता, पण दमलेला होता. ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, "मुली, हा नियम माझ्या आजोबांच्या वेळचा आहे."

"महाराज, त्या कोठारात तुम्ही कधी गेलात?"

दरबारी एकमेकांकडे बघायला लागले. कोतवाल हसून म्हणाला, "तिथे धूळ फार आहे, महाराज."

"आरोपी तुमचे आहेत," हौसा म्हणाली. "शिक्षा तुमच्या नावाने होते. निदान तोंड तरी बघा त्यांचं."

राजाला बऱ्याच वर्षांत असं कुणी बोललं नव्हतं. रागवावं की नाही हे त्याचं ठरेना आणि ते ठरायच्या आत तो उठून चालायलाही लागला होता. त्याच्या मागे दरबार, दरबारामागे काका आणि बघता बघता सगळं नगर.

कोठार म्हणजे जुन्या काळचं दगडी धान्यकोठार, वर प्रचंड घुमट. दार उघडायला शिपायांना खांदे लावावे लागले. दार उघडलं, घुमटाच्या झरोक्यांतून उन्हाच्या तिरिपा खाली आल्या होत्या आणि त्या उजेडात जे दिसलं ते बघून राजाचा पाय उंबऱ्यावरच अडकला.

आत दुसरं नगर होतं. होड्यांवर होड्या रचलेल्या, अगदी घुमटापर्यंत, जणू पाणी एकदा वरपर्यंत चढलं आणि त्यांना तिथेच सोडून उतरून गेलं. भिंतीला टेकून दारं उभी होती, नुसती दारं, कारण कधीतरी त्यांच्यातून एखादा चोर पळाला होता. वीणा, सतारी, बैलांच्या घुंगरमाळा. हंडे, घंगाळं, घागरी, ओळीने मांडलेल्या, जणू कुणी आत्ता पाणी भरायला येईल. पाळणे. केवढे ते पाळणे! एका रहाटाला अजून कुणाच्या तरी विहिरीचा दोर होता. आणि या सगळ्याच्या मधोमध उन्हाच्या एका तिरिपेत हौसाची काहील, तांबडीलाल, उगवत्या सूर्यासारखी.

राजा हळूहळू आत आला आणि त्याच्यामागे सगळे. एवढं मोठं, एवढं गप्प काही त्याने आयुष्यात बघितलं नव्हतं, आणि हे त्याच्याच राज्यात, त्याच्याच वाड्यापासून हाकेच्या अंतरावर होतं.

हौसाला मात्र राहवलं नाही. काहील दिसताच तिचा सगळा राग उसळून वर आला आणि ती पोटातून ओरडली, "ही माझी आहे!"

आणि कोठार बोललं.

आधी काहील घुमली. मग हंडे. मग घंगाळं, घागरी. घुंगरमाळा शहारल्या. वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेल्या वीणांच्या तारा आपल्याआपण झंकारल्या. घुमटाने तो आवाज झेलला आणि पुन्हा खाली सोडला, असा की जमीन थरथरल्याचं पायांना कळलं. माणसांच्या अंगावर काटा आला. बायांनी हात जोडले. एक शिपाई भाला टाकून गुडघ्यांवर बसला. कितीतरी वेळ तो नाद विरतच राहिला.

"बोलल्या," राजा पुटपुटला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "वस्तू बोलल्या. कोतवाल, ऐकलंत?"

कोतवालाच्या तोंडावर रंग नव्हता.

राजाने हात वर केला. "ज्या वस्तू बोलल्या त्या निर्दोष आहेत! काहील, हंडे, वीणा, सगळं आज, आत्ता मोकळं करा!"

एकच जल्लोष झाला. काकाने हौसाचा दंड धरला. "देव पावला गं. चल, घे काहील आणि चल. ऊस अजून वाचेल. आता तोंड उघडू नकोस, माझी आई!"

हौसाने काहिलीच्या कडीला हात घातलासुद्धा. तेवढ्यात तिचं लक्ष बाजूला गेलं. एक म्हातारा विणकर आपल्या मागापुढे उभा होता. लाकडाचा जुना हातमाग, धुळीने भरलेला. विणकर त्याच्या कानात सांगावं तसा वाकून म्हणत होता, "बोल रे बाबा. सगळे बोलले, तूही बोल. एकदाच बोल." माग बोलला नाही. विणकराने स्वतःच मोठ्याने हाक मारून बघितली. हंडे घुमले, माग नाही.

पुकाऱ्याने मान हलवली. "हा गप्प आहे. कबूल."

हौसाचा हात कडीवरून सुटला.

"महाराज," ती म्हणाली, "वस्तू बोलल्या नाहीत."

"हौसे!" काका किंचाळला.

"आम्ही सगळ्यांनी ऐकलं," राजा म्हणाला. "असं अद्भुत मी जन्मात ऐकलं नाही."

"अद्भुत आहेच. माझ्याही अंगावर काटा आलाय. पण लहान पोरंसुद्धा हंड्यात तोंड घालून ओरडतात आणि हंडा घुमतो. तांबं घुमतं, तार घुमते. लाकूड घुमत नाही. त्यात खरं-खोटं काही नाही. बघा."

ती काहिलीवर वाकली. आता ती काय करणार हे काकाला कळलं आणि त्याने डोळे मिटले. छातीत मावेल तेवढा श्वास भरून हौसा ओरडली, "ही काहील चोर आहे!"

काहील घुमली. हंडे घुमले, घागरी घुमल्या, वीणा झंकारल्या. मघासारखाच तो गंभीर, सुंदर नाद घुमटभर फिरला आणि पुन्हा सगळ्यांच्या अंगावर काटा आला.

"झालं?" हौसा म्हणाली. तिचा आवाज बसला होता. "आता धरा तिला. तिने स्वतःच्या तोंडाने कबूल केलंय."

कोतवालाच्या चेहऱ्यावर रंग परत यायला लागला. "महाराज, मुलगी स्वतःच म्हणतेय की वस्तू बोलल्या नाहीत. म्हणजे नियमाप्रमाणे..."

"थांबा," हौसा म्हणाली. "महाराज, भांड्यांना काय विचारताय? लाकडाला काय विचारताय? मी इथे उभी आहे, मला तोंड आहे, मला विचारा! काहिलीवर नको, माझ्यावर आरोप ठेवा. हौसाने अमुक दिवशी अमुक चोरी केली, असं कोतवालांनी इथे सगळ्यांसमोर म्हणावं आणि शाबीत करावं. झालं शाबीत, तर काहील ठेवा आणि मलाही ठेवा."

मग विणकर काठी टेकत पुढे आला. "माझ्यावरही ठेवा आरोप."

"माझ्यावर ठेवा. ती वरून चौथी होडी माझी."

"त्या पाळण्यासाठी माझ्यावर ठेवा, महाराज!"

माणसं पुढे येत राहिली. आरोपी व्हायला अशी रीघ कुठल्या राज्यात लागली नसेल. सगळ्यात शेवटी काका पुढे आला. त्याने कोपऱ्यातल्या एका पेटीकडे नुसतं बोट दाखवलं.

राजा कोतवालाकडे वळला. "सांगा. यांच्यापैकी कुणी काय गुन्हा केलाय?"

"महाराज, चोर धरणं फार अवघड असतं. वस्तू धरल्याने चोरांना वचक बसतो. माझ्या काळात..."

"गुन्हा सांगा, कोतवाल."

कोतवालाने एकेका चेहऱ्याकडे बघितलं. एकाही माणसाविरुद्ध त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. कधी शोधायची वेळच आली नव्हती.

त्याच जागी राजाने हुकूम दिला. यापुढे वस्तू अडकवायची तर आधी माणसाचं नाव आणि त्याचा गुन्हा सांगायचा. तो शाबीत करायचं काम कोतवालाचं. नाही झाला, तर वस्तू कोतवालाने स्वतः मालकाच्या दारी पोचवायची. आणि धरलेल्या वस्तूतला कणही कोतवालीला मिळणार नाही. म्हणतात, त्यानंतर कोतवाल चोर धरायला शिकला. त्या समया चोरणारे दोघे सगळ्यात आधी सापडले. ते सावकाराचेच भाचे निघाले.

हौसा मळ्यात पोचली तोवर बराच ऊस वाळून गेला होता. त्या वर्षी गूळ कमी निघाला आणि जरा काळपट झाला. तिने तो काळपट गूळच विकला आणि भावात कुणाला सवलत दिली नाही.

इकडे कोठार रिकामं व्हायला आख्खा हंगाम लागला. लोक येत राहिले, आपापलं नेत राहिले. होड्या नदीकडे गेल्या, दारं आपल्या चौकटींत बसली. राजा रोज येऊन उभा राहायचा. शेवटी रहाट, काही पाळणे, एक सतार एवढंच उरलं. त्यासाठी कुणी आलं नाही.

"यांचे मालक कुठे आहेत?" राजाने विचारलं.

पुकाऱ्याने खाली बघितलं. "गेले, महाराज. वाट बघून गेले."

राजा त्या पाळण्यांशेजारी जमिनीवर बसला आणि डोक्यावरचं पागोटं उतरवून त्याने मांडीवर ठेवलं. त्या दिवशी तो दरबाराला गेला नाही.

तात्पर्य: ज्याला तोंड नाही त्याच्यावर आरोप ठेवणं म्हणजे ज्याला तोंड आहे त्याला गप्प बसवणं; न्याय करायचा असेल तर माणसाला समोर उभं करा, त्याचा गुन्हा सांगा आणि तो शाबीत करण्याचे कष्ट स्वतः घ्या.