डॉक्टरांचं लाइव्ह

फलटणचे डॉक्टर मिरीकर दवाखान्यातूनच मोबाइलवर लाइव्ह बोलत होते. विषय होता, ‘रुग्णाचं म्हणणं नीट ऐका.’ समोर निवृत्त शिक्षिका कुमुदबाई ढवळे दुखरा गुडघा धरून बसल्या होत्या. त्यांनी दोनदा तोंड उघडलं, दोन्ही वेळा डॉक्टरांनी हातानंच गप्प केलं. मग बाईंनी पर्समधून आपला फोन काढला.

“वा! एका ताईंचा प्रश्न आलाय,” म्हणत डॉक्टर हौसेनं मोठ्यानं वाचू लागले, “‘डॉक्टर, मी वीस मिनिटं तुमच्या समोरच बसलेय. गुडघ्याचं दुखणं तोंडी सांगू, की इथेच लिहू?’”

तीनशे लोकांनी ते ऐकलं. डॉक्टरांचे कान लाल झाले. लाइव्ह बंद करून ते ओशाळं हसले आणि खुर्ची पुढे ओढून म्हणाले, “तोंडीच सांगा, बाई. अगदी पहिल्यापासून.”

बाईंनी सावकाश, सगळं सांगितलं.